आईचा से

एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे, धुळ्यात, आणि पुढे मला पीडितांच्याच बाजूने उभं राहायचंय. लोक विचारतात, त्यासाठी सरकारी वकील असतो ना, मग तू काय करणार? असतो, पण तो सरकारचा वकील, त्याच्यापुढे फायलींचा ढीग, आणि जिच्यावर गुन्हा झाला ती कोर्टाच्या हिशोबात नुसती साक्षीदार, तिला तारीख तरी कोण सांगतं.

मी ज्या मॅडमकडे शिकते त्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर आहेत. बायकांना आणि मुलांना तिथे फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, हे आमच्याकडे कित्येकांना माहीतच नसतं. त्या दिवशी पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, एका केसमध्ये आरोपीच्या जामीन अर्जाची सुनावणी होती, मुलगी सोळाच्या आतली. गाव वगैरे काही लिहीत नाही, ओळख उघड करायला कायद्यानेच मनाई आहे आणि नसती तरी लिहिलं नसतं. एवढ्या लहान मुलीवर बलात्काराचा आरोप असेल तर जामिनाच्या वेळी फिर्यादीने किंवा त्याच्या वतीने कोणीतरी हजर असणं बंधनकारक आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ४८३. म्हणून मुलीची आई, मी त्यांना मावशी म्हणते, सकाळच्या पहिल्या एसटीने आलेल्या, आणि व्हरांड्यात समोरच्याच बाकावर आरोपीचे घरचे बसलेले.

मी जाऊन मधे बसले. मावशी हळूच म्हणाल्या, "माले इचारतीन का वं माय? माले तं बोलता बी येत नही." म्हटलं अहिराणीतच सांगा, मन्ही बी बोली तीच शे.

मॅडम म्हणाल्या, से तू लिहून घे, म्हणजे जामीन अर्जावरचं मावशींचं लेखी म्हणणं. मी पुस्तकातले मुद्दे घोकून आलेले, साक्षीदारांवर दबाव, फरार होण्याची शक्यता, सगळं. मावशी यातलं काहीच बोलल्या नाहीत. त्या सांगत होत्या की हापशीवर जायचं तर आरोपीच्याच ओट्यासमोरून जावं लागतं, शाळेची एसटीपण तिथेच थांबते, तो आत आहे म्हणून पोरगी परत शाळेत जायला लागलीय, आणि त्याचा चुलता घरी येऊन गेला, "मिटाडी टाका" म्हणे. पुस्तकात ज्याला दबाव म्हणतात तो हाच की, इथे त्याला ओटा होता, हापशी होती, चुलता होता. जसंच्या तसं उतरवलं, त्यांना वाचून दाखवलं, मग सही घेतली.

पुकारा झाला. युक्तिवाद सरकारी वकिलांनीच केला, मॅडम त्यांना असिस्ट करतात, पीडितेच्या वकिलाला खटला स्वतः चालवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१९ ला रेखा मुरारका केसमध्ये ते स्पष्ट केलंय. पण २०२२ ला लखीमपूर खेरीच्या, म्हणजे शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या केसमधल्या, जामिनात त्याच कोर्टाने पीडितांना प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडायचा हक्क आहे असंही सांगितलं, आणि मला त्या दिवशी ते डोळ्यासमोर दिसलं. जज साहेबांनी से वाचला आणि थेट मावशींनाच विचारलं, शाळेची गाडी कुठे थांबते? त्यांनी सांगितलं, अहिराणीत, न अडखळता, हातवारे करून रस्ता दाखवत.

दुपारनंतर जामीन नामंजूर झाला. आता आरोपीकडचे हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात जातील, तिथेही मावशींना बोलावणं येणार, तेव्हा गाडीभाडं आणि सोबत कोण जाणार हे आत्ताच बघून ठेवतोय. मनोधैर्य योजनेचं, म्हणजे पीडितांना मिळणाऱ्या सरकारी अर्थसहाय्याचं, कामही बाकी आहे, शनिवारी त्यांना एफआयआरची कॉपी आणि पासबुक घेऊन बोलावलंय.