पोपचा होमर: क्वार्टो, फोलिओ आणि ड्युओडेसिमो

जुन्या ग्रीक काव्याच्या इंग्रजी भाषांतरांच्या आरंभीच्या आवृत्त्या जमवू लागणाऱ्याला पहिला मोह पडतो तो बहुधा होमरचा इंग्रज भाषांतरकार जॉर्ज चॅपमन याचा. त्याचे संपूर्ण ‘इलियड’ १६११ साली निघाले, १६१६ मध्ये ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ ही होमरची दोन्ही महाकाव्ये एकत्र आली, आणि त्यानंतर दोनशे वर्षांनी चॅपमनची एक उसनी आणलेली फोलिओ, म्हणजे मोठ्या आकाराची, प्रत वाचून कवी कीट्सने आपले प्रसिद्ध सुनीत लिहिले. त्या प्रती सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. माझे मन मात्र अठराव्या शतकातील इंग्रज कवी अलेक्झांडर पोप याच्या ‘इलियड’वर जडले आहे, आणि त्याचे कारण केवळ किंमत नाही. एकच काव्य कोणाकोणासाठी आणि कशा रूपात छापले गेले, हे पोपच्या आवृत्त्यांइतके स्पष्टपणे मला दुसरीकडे कुठे दिसलेले नाही.

हे भाषांतर १७१५ ते १७२० या काळात सहा खंडांत प्रसिद्ध झाले. वर्गणीदारांनी सहा खंडांचे मिळून सहा गिनी (गिनी हे त्या काळचे इंग्रजी सोन्याचे नाणे) द्यायचे आणि त्यांना क्वार्टो या, फोलिओहून लहान, आकाराच्या देखण्या प्रती मिळायच्या, अशी योजना होती. त्याच शतकातील समीक्षक सॅम्युएल जॉन्सनने पोपच्या चरित्रात दिलेल्या आकड्यांनुसार वर्गणीदार ५७५ होते, त्यांनी ६५४ प्रतींची मागणी नोंदवली आणि छापल्या गेल्या अवघ्या ६६०. पोपच्या हाती एकंदर ५,३२० पौंड ४ शिलिंग आले. त्या काळी एखाद्या कवीला भाषांतरावर एवढी प्राप्ती व्हावी, ही असामान्य गोष्ट होती.

क्वार्टो केवळ वर्गणीदारांसाठी राखीव असल्याने प्रकाशक बर्नार्ड लिंटॉट याला स्वतःच्या विक्रीसाठी ते काढता येत नव्हते, म्हणून त्याने खिळ्यांची तीच जुळणी छोट्या फोलिओ आकाराच्या कागदावर छापली आणि तो खंड अर्ध्या गिनीला, म्हणजे निम्म्या किमतीला विकला. पुढे काही लबाड विक्रेत्यांनी या फोलिओंचा वरचा आणि खालचा समास कापून त्या वर्गणीदारांच्या प्रती म्हणून खपवल्या, असे जॉन्सननेच नोंदवून ठेवले आहे. संग्राहकाने आजही सावध राहावे ते इथेच. शीर्षकपृष्ठ पाहून किंवा पट्टीने उंची मोजून फारसे काही कळत नाही. पान उजेडासमोर धरावे लागते. हातकागदाच्या साच्यातील तारांमुळे कागदात अंतराअंतरावर ठळक रेषा उमटलेल्या असतात. ताव एकदाच दुमडला की फोलिओ होतो आणि त्या रेषा पानावर उभ्या राहतात. दोनदा दुमडला की क्वार्टो होतो, रेषा आडव्या पडतात आणि जलचिन्ह पानाच्या मध्यावर न दिसता शिवणीच्या घडीत जाऊन बसते. समास कितीही कापला तरी या रेषांची दिशा बदलत नाही. विकत घेण्याआधी विक्रेत्याकडून एका पानाचे असे उजेडातले छायाचित्र अवश्य मागवावे. जाणता विक्रेता ते आनंदाने पाठवतो.

मला सर्वांत प्रिय असलेली आवृत्ती मात्र याहून कितीतरी साधी आहे. हॉलंडमध्ये ड्युओडेसिमो या लहान आकारात चोरटी आवृत्ती छापली जाऊन ती गुपचूप इंग्लंडमध्ये येऊ लागली, तेव्हा लिंटॉटला नाइलाजाने तशीच स्वस्त आवृत्ती काढावी लागली. तिच्या आधी २,५०० आणि काही आठवड्यांतच आणखी ५,००० प्रती छापल्या गेल्या. मोठ्या आकाराच्या खंडांत पोपच्या टिपा प्रत्येक सर्गाच्या शेवटी होत्या. इथे त्या त्याच पानावर, कवितेच्या खाली आल्या. माझ्याकडे या आवृत्तीचा केवळ दुसरा खंड आहे आणि त्याची कातडी बांधणी कण्यापाशी उकलली आहे, पण सहाव्या सर्गात हेक्टरच्या शिरस्त्राणाला घाबरून त्याचे तान्हे बाळ दाईला बिलगते, तो प्रसंग आणि त्याखालची बारीक अक्षरांतील टीप एका दृष्टिक्षेपात वाचताना ही रचना वाचकाच्या किती सोयीची आहे हे पटते. क्वार्टो दिवाणखान्यात शोभत असेल. होमर घरोघरी पोहोचवला तो या आवृत्तीने, आणि म्हणूनच तिला दुय्यम मानण्याची संग्राहकांची रीत मला मान्य नाही. शिवाय सुटे खंड अजूनही परवडणाऱ्या किमतीत मिळतात. ते पूर्ण संचाच्या हट्टापायी नाकारू नयेत.

आता शोध आहे तो पोपचा समकालीन कवी टॉमस टिकेल याच्या भाषांतराचा. पोपचा पहिला खंड जून १७१५ मध्ये बाहेर पडला आणि अवघ्या दोन दिवसांनी टिकेलने केलेला ‘इलियड’चा पहिला सर्ग जेकब टॉन्सन या दुसऱ्या प्रकाशकाने प्रसिद्ध केला. लंडनच्या साहित्यिक वर्तुळात त्यावरून बराच वाद झाला, पण टिकेलने पुढचे सर्ग छापलेच नाहीत. हे पुस्तक अगदी बारीक असल्यामुळे अनेकदा इतर चोपड्यांबरोबर एकाच पुठ्ठ्यात बांधलेले सापडते. विक्रेत्यांच्या याद्यांमध्ये ते होमरच्या नावाखाली न शोधता अठराव्या शतकातील संकीर्ण काव्याच्या बांधीव खंडांत शोधावे, असे मी ठरवले आहे.