वर्षाचं कोठीत, दिवसाचं दारात

एप्रिलात नाशिकला येऊ नका, असं मोठ्या जाऊबाईंनी फोनवर बजावलं होतं. ऊन चाळिशीला टेकलेलं असतं, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि त्यातच आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, गव्हाचं काम निघालेलं असतं. पण आम्ही राहतो जर्मनीत, ड्रेस्डेनला, आणि लेकीच्या शाळेला ईस्टरची सुट्टी याच सुमारास लागते. तेव्हा कसारा घाट चढून, इगतपुरीला वडा खाऊन, घामाघूम होऊन नाशिक रोडला उतरलो. पंचवटीतल्या घरी पोचलो तर जिन्याखाली गव्हाची पाच पोती रचलेली. पन्नास-पन्नास किलोंची.

लेक बारा वर्षांची. तिने आजवर पीठ पाहिलंय ते एक किलोच्या कागदी पुड्यात. तिकडच्या पुड्यावर आकडा छापलेला असतो, ४०५ किंवा १०५०. शंभर ग्रॅम पीठ जाळलं तर किती मिलिग्रॅम राख उरते, त्याचा तो आकडा. राख जास्त म्हणजे कोंडा जास्त. पोळ्यांसाठी १०५० त्यातल्या त्यात बरं, हे ड्रेस्डेनच्या मराठी बायका एकमेकींना पहिल्याच भेटीत सांगतात. इथे आईंची परीक्षा वेगळी. ओंजळीत गहू घ्यायचे, फुंकर मारायची, दोन दाणे दाताखाली फोडायचे. "लोकवन आहे, निफाडकडचं. गेल्या वर्षीपेक्षा बरं आहे," एवढा निकाल दिला आणि आम्हाला सगळ्यांना गच्चीवर पिटाळलं.

पुढचे दिवस असे गेले: जुन्या चादरींवर गहू पसरायचे, दुपारभर ऊन द्यायचं, उतरत्या उन्हात चाळायचे, खडे निवडायचे, गार झाले की एरंडेलाचा हात लावायचा आणि वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचे थर देत पत्र्याच्या कोठीत भरायचे. ओल राहिली की पावसाळ्यात सोंडे झालेच. लेकीने विचारलं, "आजी, हे संपणार कधी?" तिला काम म्हणायचं होतं. आईंना वाटलं गहू. "पुढच्या होळीपर्यंत पुरतील," त्या म्हणाल्या.

आईंच्या स्वयंपाकघराला दोनच घड्याळं आहेत, वर्षाचं आणि दिवसाचं. गहू, तूरडाळ, इगतपुरीकडचा इंद्रायणी तांदूळ, लाल तिखट, काळा मसाला, कुरडया, पेठ-सुरगाण्याकडच्या नागलीचे पापड, उन्हाळ कांद्याची गोणी, हे सगळं वर्षाचं. भाजी, दूध, कोथिंबीर, फळं दिवसाची. मधे महिन्याची वाण्याची यादी असते, पण ती तेल, साखर, चहा, साबणापुरती. आठवडा मात्र या घरात कुठेच नाही.

ड्रेस्डेनला आमच्याकडे असतो तो फक्त आठवडाच. जर्मनीत रविवारी दुकानं बंद. दुकानांच्या वेळांचा कायदा १९५६ सालचा. पुढे तो राज्याराज्यांकडे गेला, संध्याकाळच्या वेळा वाढल्या, पण रविवार काही सुटला नाही. काही तास बेकऱ्या उघडतात, मोठ्या स्टेशनांवरची आणि पेट्रोलपंपांवरची दुकानं चालू असतात, बाकी शुकशुकाट. म्हणून शनिवारी संध्याकाळी अख्खं शहर ढकलगाडीत एक युरोचं नाणं अडकवून फिरत असतं. घरी फ्रिजवर कागद लावलेला असतो, त्यावर सात दिवसांचे बेत. गुरुवारी काय खावंसं वाटेल ते शनिवारी ठरवायचं. मला हे अजूनही जमत नाही. जमतं ते नवऱ्याला, कारण त्याला रोज वरण-भात दिला तरी चालतो.

नाशिकचा रविवार म्हणजे याच्या अगदी उलट. सकाळी मिसळीच्या दुकानांबाहेर गर्दी, मटणाच्या दुकानांबाहेर रांगा, आणि रविवार कारंजावर पाय ठेवायला जागा नाही. लेकीला पहिला धक्का बसला तो इथे. सुट्टीच्या दिवशी लोक खरेदीला बाहेर पडतात, आणि आवडीने पडतात, हे तिने पाहिलेलंच नव्हतं.

खरी मजा बुधवारची. गोदाघाटावर, गाडगे महाराज पुलाच्या आसपास, बुधवारचा बाजार भरतो. गिरणारे, मखमलाबाद, दिंडोरीकडून आलेला माल जमिनीवर गोणपाट टाकून मांडलेला असतो. आईंचं फिरणं ठरलेलं. पहिल्या फेरीत काही घ्यायचं नाही, फक्त भाव ऐकायचे. दुसऱ्या फेरीत मेथी उचलून उलटी करून पाहायची, जुडीच्या पोटात काय दडलंय ते. इथे पालेभाजी वजनावर नसते, जुडीवर असते. मार्केट यार्डात लिलावही शेकडा जुड्यांवर होतो. त्यामुळे जुडी केवढी बांधायची हे शेतकऱ्याच्या हातात आणि घ्यायची की नाही हे आईंच्या. लिंबं, आलं, हिरव्या मिरच्या वाट्यावर. मोठी खरेदी झाली की कढीपत्त्याची काडी फुकट, आणि ती नाही दिली तर विक्रेता कंजूस.

"मावशी, दहाला तीन लावा की."
"ताई, सकाळी लिलावात मलाच महाग पडलीय."
"मग संध्याकाळी येते."
"संध्याकाळी हीच सुकलेली मिळेल. घ्या, तीन घ्या."

ड्रेस्डेनलाही शुक्रवारी 'लिंगनर आले' नावाच्या रस्त्यावर असा उघड्यावरचा बाजार भरतो. आसपासचे शेतकरी येतात, चीज, मध, सॉसेज, रोपं, सगळं असतं. पण पाटीवर खडूने भाव लिहिलेला, तराजू ग्रॅमपर्यंत चोख, आणि घासाघीस केली तर समोरचा आपण पैसे विसरून आलोय असं समजून सहानुभूतीने बघतो. एप्रिलच्या मध्यापासून २४ जूनपर्यंत तिथे पांढरा ॲस्परॅगस येतो आणि त्यापुढे लोकांचं भान हरपतं. आपल्याकडे हापूसच्या पेटीपुढे जे होतं तेच. २४ जूनला तोडणी बंद. पुढच्या वर्षीच्या पिकासाठी रोपाला विश्रांती हवी असते. आईंना हे फार पटलं. भाव ऐकल्यावर मात्र त्या म्हणाल्या, "त्यात कढी तरी होते का?"

जेवणातला फरक सांगायचा तर तो संध्याकाळचा. जर्मन घरात दुपारी गरम जेवण आणि रात्री पाव, लोणी, चीज, थंड मांसाच्या चकत्या, एखादी आंबवलेली काकडी, हे जुनं वळण अजून बऱ्याच घरांत आहे. संध्याकाळी सहा-साडेसहाला जेवण आटोपतं. स्वयंपाकघरात संध्याकाळी गॅस पेटतच नाही. नाशिकला रात्री साडेनऊला कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात आणि पोळ्या तव्यावरून थेट पानात. पण म्हणून तिकडचं आळशी आणि आपलं कष्टाचं, असं मी म्हणणार नाही. ती गरम पोळी पानात पडते तेव्हा घरातलं एक माणूस उपाशी उभं असतं, आणि ते माणूस कोण हे सांगायला नको.

द्राक्षांबद्दल लिहिल्याशिवाय नाशिकवर लिहिता येत नाही. ड्रेस्डेनच्या दुकानात मार्च-एप्रिलमध्ये अर्ध्या किलोच्या प्लास्टिकच्या डबीत हिरवी द्राक्षं येतात, खाली 'भारत' लिहिलेलं. ती बहुतेक आपल्याच जिल्ह्यातली. मणी सगळे एका मापाचे, रंग एकसारखा हिरवा. हा रंग टिकवायला इथे बागेत घडांना कागद गुंडाळतात. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले आणि नाशिकच्या कित्येक बागायतदारांचं कंबरडं मोडलं. त्यानंतर अंशांच्या तपासण्या आणखी कडक झाल्या. आज निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी असते, माल प्रयोगशाळेतून पुढे जातो, आणि डबीवरून प्लॉटपर्यंत माग काढता येतो. जर्मनीत अंड्यावरही असाच शिक्का असतो: पहिला आकडा कोंबडी कशी पाळली त्याचा (शून्य म्हणजे सेंद्रिय, तीन म्हणजे पिंजऱ्यातली), मग देश, मग राज्य. आमच्या सॅक्सनीचा आकडा १४.

आणि नाशिककर स्वतः कुठली द्राक्षं खातात? हातगाडीवरची, जरा पिवळसर झालेली, साखर उतरलेली. नाहीतर घडातून सुटलेले मणी, जे घडापेक्षा कितीतरी स्वस्त मिळतात. माझं स्पष्ट मत, डबीतल्या देखण्या द्राक्षांपेक्षा हे मणी चवीला सरस. आईंनी द्राक्षं कुठून आली हे आयुष्यात विचारलं नाही, चाखून घेतली. त्यांच्यावर काय फवारलं होतं हे मात्र चाखून कळत नाही, आणि ते मी बोलले तर घरात दोन मिनिटं कोणी बोललं नाही. युरोपात जाणाऱ्या मालाला जी चाळणी आहे ती आपल्या हातगाडीवर आलेल्या मालाला का नसावी, हा प्रश्न मी जाऊबाईंना विचारला. त्या म्हणाल्या, "मीठ घातलेल्या पाण्यात धुऊन घ्या." म्हणजे जबाबदारी पुन्हा स्वयंपाकघराचीच.

गच्चीवर गहू चाळताना मला आमच्या ड्रेस्डेनच्या इमारतीतल्या एका आजी आठवत होत्या. पूर्व जर्मनीच्या काळात वाढलेल्या. त्यांच्याकडून ऐकलं होतं की शरद ऋतूत बटाट्यांची पोती येत, तळघरात लाकडी खोक्यात ओतली जात आणि हिवाळाभर पुरत. बागेतल्या चेरी, आलुबुखार काचेच्या बरण्यांत उकळून भरायचे. प्रत्येक बिऱ्हाडाच्या वाट्याला आलेली तळघरातली ती जाळीची खोली अजून आहे. आता तिथे आमच्या सायकली असतात. म्हणजे कोठी फक्त नाशिकची नाही. सामान साठवायचं काम कधीकाळी तिथेही घराचंच होतं. मग ते दुकानाने उचललं आणि घराला फक्त आठवड्यापुरता फ्रिज उरला.

ड्रेस्डेनमध्येच एर्न्स्ट एंगेल नावाचा सांख्यिकीतज्ज्ञ सॅक्सनी सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाचा प्रमुख होता. बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चावरून १८५७ साली त्याने एक नियम मांडला: कुटुंब जितकं गरीब, तितका खर्चातला खाण्याचा वाटा मोठा. अजूनही जग हाच गज लावतं. २०२३-२४ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत भारतातल्या शहरी कुटुंबाच्या खर्चात खाण्यापिण्याचा वाटा ३९.६८ टक्के निघाला, ग्रामीण कुटुंबाचा ४७.०४. जर्मनीत घरी आणलेल्या खाद्यपदार्थांवरचा खर्च साधारण बारा टक्क्यांच्या आसपास असतो. दोन्हीकडची मोजणी अगदी एकसारखी नाही, आपल्या आकड्यात बाहेरचं खाणंही येतं. पण अंतर दिसायला एवढं पुरे.

मला त्या पाहणीतलं दुसरं काही जास्त बोचलं. शहरी कुटुंबात सगळ्या धान्यांवरचा खर्च चार टक्क्यांहून कमी, आणि पेयं, तयार व प्रक्रिया केलेले पदार्थ यांवर सुमारे अकरा टक्के. ज्या गव्हासाठी आमचं अख्खं घर गच्चीवर भाजून निघालं, तो खर्चाच्या वहीत चिमूटभर जागा घेतो. बिस्किटं, फरसाण, थंड पेयाच्या बाटल्या, बाहेरून मागवलेलं जेवण, यांच्यासाठी कोणी ऊन सोसत नाही, आणि पैसे तिथेच जातात.

याचा पुरावा गंगापूर रोडला नणंदेच्या फ्लॅटमध्ये मिळाला. चकचकीत स्वयंपाकघर, कोठी ठेवायला जागाच नाही. पीठ पाच किलोच्या पिशवीत, आणि तीही संपली की फोनवर. दहा-पंधरा मिनिटांत मुलगा दारात. मी तिथे असताना आधी दही आलं, मग कोथिंबीर, मग भाच्याचं आइस्क्रीम, तीन वेगवेगळी मुलं, तीन वेगवेगळ्या पिशव्या. ड्रेस्डेनला आमचं असं चालत नाही. आम्ही शनिवारी विसरलेलं मीठ शेजारणीकडे मागतो. नाशिकने मधला आठवडा पाहिलाच नाही. वर्षावरून थेट मिनिटावर उडी घेतली. नणंदेला आईंच्या कोठीबद्दल विचारलं तर म्हणाली, "वहिनी, ते आईलाच जमतं. पण तिथला मसाला मात्र मी नेते हं, विकतच्याला ती चव नाही."

निघायच्या आदल्या रात्री बॅगा. आईंनी कुरडया, नागलीचे पापड, काळा मसाला, तिखट, असं सगळं जमिनीवर मांडलं. तूप मी बाजूला काढलं, पेढेही. बाहेरच्या देशांतून प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. मग आईंनी टोपलीतून हापूस काढले. तेही नाही म्हटलं. २०१९ च्या डिसेंबरपासून ताजी फळं-भाज्या न्यायच्या तर रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त पाच फळांना: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन.

"नारळ चालतो?" आईंनी विचारलं.

"चालतो."

"आणि आंबा नाही?"

"नाही."

त्या थोडा वेळ विचारात पडल्या, मग देवघरासमोरचा नारळ उचलून माझ्या बॅगेत कुरडयांच्या शेजारी ठेवला. वर तिकडच्या सरकारसाठी एक वाक्य ऐकवलं, ते इथे लिहिता येणार नाही. वजन केलं तर बॅग दीड किलोने जास्त भरली. आता कुरडया काढायच्या की लेकीचे बूट, यावर घरात मतदान झालं. बूट नाशिकलाच राहिले.