शिकागोची जुनी हॉटेलं, बुटाच्या खोक्यात

इथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात पोस्टकार्डं बुटाच्या खोक्यात उभी रचून ठेवलेली असतात. मधूनमधून पुठ्ठ्याच्या पट्ट्या, त्यावर पेनाने लिहिलेलं: चर्च, पूल, रेल्वे स्टेशन, हॉटेल. शिकागोतल्या माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात मी अशा बाजारात शिरले ती निव्वळ ऊब मिळावी म्हणून. बाहेर पडले तेव्हा कोटाच्या खिशात अकरा हॉटेलं होती, दोन डॉलरला एक याप्रमाणे. आता घरात माझंही एक खोकं आहे. नवरा त्याला रद्दी म्हणतो, पण पाहुणे आले की तोच काढून दाखवतो.

पोस्टकार्ड आणि हे शहर यांचं नातं जुनं आहे. आपल्याला १८९३ चं शिकागो माहीत आहे ते विवेकानंदांच्या भाषणामुळे. ती सर्वधर्मपरिषद ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली, त्याच प्रदर्शनात अमेरिकेतली विक्रीसाठी छापलेली पहिली चित्रांची कार्डं लोकांनी हौसेनं विकत घेतली. प्रदर्शनाला येणाऱ्यांसाठी मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर ‘ऑडिटोरियम अ‍ॅनेक्स’ नावाचं हॉटेल उभं राहिलं. तेच आजचं काँग्रेस हॉटेल. माझ्या खोक्यातलं सगळ्यांत जुनं कार्ड त्याचंच. १ मार्च १९०७ पर्यंत इथे कार्डाच्या मागे फक्त पत्ता लिहायची परवानगी होती, मजकुराला जागाच नव्हती. मग लोक पुढून, चित्रावरच लिहायचे, आणि चित्रात मोकळी जागा म्हणजे आभाळ. माझ्या कार्डावर कुणीतरी निळसर शाईने अख्खं आभाळ भरून टाकलंय, आणि तेही पुरलं नाही म्हणून शेवटचं वाक्य छपरावरून घरंगळत फुटपाथवर आलंय.

पुढे या कार्डांचा अमेरिकेतला मोठा कारखानाही इथेच निघाला. कर्ट टाइश नावाचा जर्मन छपाईवाला १८९५ मध्ये अमेरिकेत आला आणि १८९८ मध्ये त्याने शिकागोत छापखाना काढला. तो १९७८ पर्यंत चालला. त्याची तीस-चाळीसच्या दशकांतली कार्डं हाताला लगेच कळतात, नख फिरवलं तर कापडाच्या विणीसारखं खरखरतं. खरं तर तो कागदच असतो, फक्त वीण ठसवलेला. अशा कागदावर शाई पटकन सुकायची आणि रंग भडक उठायचे. कार्डावर बारीक अक्षरात एक नंबर असतो, तो वाचता आला की सालही कळतं. अक्षर ए असेल तर तीसचं दशक, बी असेल तर चाळीसचं. अक्षराच्या आधीचा आकडा म्हणजे त्या दशकातलं वर्ष. ६ए म्हणजे १९३६. हे कळल्यावर मी दोन दिवस भिंग घेऊन जेवणाच्या टेबलावर बसून होते.

पण याच कार्डांवर विश्वास ठेवायचा नाही, हेही तेव्हाच कळलं. हॉटेलचं कार्ड बहुतेक वेळा हॉटेलनेच छापून घेतलेलं असायचं. खोलीतल्या लिहायच्या टेबलाच्या खणात ते फुकट ठेवायचं, पाहुण्याने गावी पाठवायचं, झाली जाहिरात. मग पैसे देणारा सांगेल तसं चित्र. विजेच्या तारा पुसा, खांब पुसा, जुन्या मोटारी काढून नव्या घाला, शेजारची इमारत जरा बुटकी करा. छापखान्यातले लोक मूळ काळ्या-पांढऱ्या फोटोवर हे सगळं करायचे आणि वर गुलाबी ढग चिकटवायचे. फोटोशॉपला आपण उगीच नावं ठेवतो.

मॉरिसन हॉटेलचं माझं कार्ड बघा. पंचेचाळीस मजली मनोरा, १९२५ चा, तेव्हाचं जगातलं सर्वांत उंच हॉटेल. कार्डावर तो माळरानावर एकटा उभा असल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो लूपच्या ऐन गर्दीत होता. लूप म्हणजे इथलं जुनं डाउनटाउन, उंचावरच्या लोकल रेल्वेने वेढा घातलेलं. १९६५ मध्ये मॉरिसन पाडलं, तेव्हा मुद्दाम पाडलेली इतकी उंच इमारत जगात दुसरी नव्हती. म्हणजे उभं असताना एक विक्रम आणि पडताना दुसरा. आता तिथे बँकेचा मनोरा आहे, आणि खालच्या चौकात उन्हाळ्यात लोक डबे खातात.

हॉटेल शर्मनचं तर नावही उरलं नाही, असं मला वाटत होतं. जॅझ बँडसाठी गाजलेलं त्याचं ‘कॉलेज इन’ नावाचं रेस्टॉरंट होतं. हॉटेल १९७३ मध्ये बंद झालं, नंतर पाडलं, आणि १९८५ मध्ये त्या जागी काचेची गोलसर सरकारी इमारत आली. पण किराणा दुकानात कॉलेज इन नावाचं चिकनचं तयार सूप मिळतं, ते मूळ त्याच रेस्टॉरंटचं. मी ते नाव कितीदा तरी वाचलं असेन, कधी जोडलंच नाही.

माझी सगळ्यांत मोठी फजिती झाली ती रँडॉल्फ हॉटेलपायी. एका कार्डावर हे नाव. इमारत ओळखीची वाटत होती, पण हे हॉटेल कधी पाडलं ते काही केल्या सापडेना. दोन महिने शोधलं. शेवटी ते आणि बिस्मार्क हॉटेलचं कार्ड शेजारी ठेवलं आणि खिडक्या मोजल्या. रँडॉल्फ आणि बिस्मार्क एकच! पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मन नावाचं काहीही लोकांच्या डोळ्यांत खुपायला लागलं, तेव्हा जर्मन वंशाच्या आयटल बंधूंनी आपल्या बिस्मार्क हॉटेलचं नाव बदलून रस्त्याचं नाव दिलं. युद्ध संपल्यावर बिस्मार्क परत आला. १९२६ मध्ये त्याच नावाने नवी इमारतही झाली.

काही हॉटेलांच्या कार्डांवर एक शब्द मोठ्या दिमाखात असतो: फायरप्रूफ. या शहरात त्याला कारण होतं. पॉटर पामर या व्यापाऱ्याचं पहिलं पामर हाउस २६ सप्टेंबर १८७१ ला उघडलं आणि तेराच दिवसांत शिकागोच्या महाआगीत जळून गेलं. त्याने पुन्हा बांधलं आणि हे जगातलं एकमेव आग न लागणारं हॉटेल म्हणून मिरवलं. आजचं पामर हाउस तिसरं, १९२०च्या दशकातलं.

ला सॅल हॉटेलचं कार्ड मी म्हणूनच वेगळ्या पाकिटात ठेवलंय. १९०९ चं देखणं हॉटेल, बावीस मजले, लॉबीत अक्रोडाच्या लाकडाच्या पॉलिश केलेल्या भिंती. ५ जून १९४६ ला मध्यरात्रीनंतर तळमजल्यावरच्या बारमध्ये आग लागली. त्या सुंदर लाकडाने ती झरझर पसरली, धूर जिन्यांतून वर चढला. एकसष्ट माणसं गेली. टेलिफोन ऑपरेटर ज्यूलिया बेरी जागची उठली नाही. ती खोल्याखोल्यांत फोन लावून पाहुण्यांना उठवत राहिली आणि तिथेच गेली. त्यानंतर शिकागोने हॉटेलांचे नियम कडक केले. आग लागल्यास काय करावं याच्या सूचना खोलीत लावणंही त्यातच आलं. हॉटेलात उतरल्यावर दाराच्या मागे लावलेला तो कागद मी आता वाचते. पूर्वी त्यावर टॉवेल अडकवायचे.

आणि स्टीव्हन्स. याची माझ्याकडे नऊ कार्डं आहेत. १९२७ च्या मे महिन्यात उघडलं तेव्हा तीन हजार खोल्या, जगातलं सर्वांत मोठं हॉटेल. कार्डवाल्यांनी ‘तीन हजार’ हा आकडा सोडला नाही. दोन वर्षांनी मंदी आली, खोल्या रिकाम्या पडल्या. हॉटेल वाचवायला स्टीव्हन्स कुटुंबाने आपल्याच विमा कंपनीतून पैसे वळवल्याचा आरोप झाला. अर्नेस्ट स्टीव्हन्सला १९३३ मध्ये दोषी ठरवलं गेलं, आणि पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्याचा मुलगा जॉन पॉल हॉटेल उघडलं तेव्हा सात वर्षांचा होता. १९७५ मध्ये तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झाला आणि जवळपास पस्तीस वर्षं त्या खुर्चीवर राहिला.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, लष्कराने सुमारे साठ लाख डॉलरना अख्खं हॉटेल विकत घेतलं. झुंबरांखालच्या बॉलरूममध्ये सैनिकांच्या पंगती बसायला लागल्या. १९४५ मध्ये ते कॉनरॅड हिल्टनने घेतलं, आणि आजही त्याचंच नाव दारावर आहे.

या नऊपैकी एका कार्डावर एका खिडकीवर शाईची फुली आहे. आमची खोली ही, असं घरच्यांना दाखवायची तेव्हा रीतच होती. गेल्या ऑक्टोबरात ते कार्ड घेऊन मी समोरच्या ग्रँट पार्कच्या बाजूला उभी राहिले. वारा असा की कार्ड दोन्ही हातांनी धरावं लागत होतं. मजले मोजत होते आणि दर वेळी मध्येच चुकत होते. दारावरचा माणूस बराच वेळ बघत होता. रस्ता ओलांडून मी त्याच्याकडे गेले, कार्ड दाखवलं. त्याने टोपी मागे सरकवली आणि माझ्याबरोबर फुटपाथच्या कडेला येऊन बोटाने मोजायला लागला. म्हणाला, १९८५ च्या सुमारास दोन-दोन खोल्यांच्या भिंती पाडून एकेक केली, आता पंधराशेच्या वर थोड्याच उरल्यात, तेव्हा ही खोली असली तरी अर्धी असेल.

त्याच्या हिशेबाने मजला बारावा आला, माझ्या हिशेबाने तेरावा. तेवढ्यात टॅक्सी आली, आणि तो सामान उतरवायला गेला.