सत्तावन्न सेकंदांची कॉपी

१९ सप्टेंबर २०२०. त्या संध्याकाळी आमच्या क्रीडा डेस्कवर सायकलींकडे माझ्याशिवाय कुणी बघेल अशी शक्यताच नव्हती. करोनामुळे लांबलेली आयपीएल नेमकी त्याच दिवशी अबुधाबीत सुरू होत होती, मुंबई विरुद्ध चेन्नई. निम्म्या खुर्च्या रिकाम्या, उरलेली मंडळी टीव्हीसमोर, आणि मी कोपऱ्यातल्या संगणकावर टूर द फ्रान्सचा विसावा टप्पा लावून बसलेले. टूरही त्या वर्षी करोनामुळेच सप्टेंबरात आली होती, नाहीतर या दोघींची गाठ पडायची नाही.

मला तशी घाई नव्हती. कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, दुपारीच लिहून ठेवली होती. प्रिमोझ रोग्लिच जिंकला, स्लोव्हेनियाला पहिली टूर मिळाली, एकेकाळचा स्की-जंपर आघाडीवीराच्या पिवळ्या जर्सीत पॅरिसला निघाला, वगैरे. फक्त शेवटचे आकडे भरायचे होते. एकविसावा टप्पा म्हणजे पॅरिसची मिरवणूक. तिथे आघाडीवरच्याला कुणी छेडत नाही. म्हणजे शर्यत आजच संपणार होती, आणि सगळ्या टप्प्यांच्या वेळांच्या बेरजेत रोग्लिचकडे ५७ सेकंदांची आघाडी होती.

टूर सुरू होण्याआधी दावेदारांचा तक्ता मीच केला होता. पाच चांदण्या रोग्लिचला, पाच आदल्या वर्षीचा विजेता एगन बर्नालला, आणि तादेय पोगाचारला तीन. एकवीस वर्षांचा पोरगा, पहिलीच टूर. तीनसुद्धा मी जरा हात सैल सोडून दिल्या होत्या. बर्नालचं गणित पंधराव्या टप्प्यावर, ग्राँ कोलोंबिएच्या चढावर कोसळलं. सात मिनिटांहून जास्त गमावून तीन दिवसांत तो घरी गेला. तेव्हा मला वाईट कमी वाटलं आणि हायसं जास्त. निदान दुसऱ्या पाच चांदण्या तरी योग्य जागी पडल्या होत्या ना!

रोग्लिचवर माझा भरवसा होता तो खरं तर त्याच्या संघावर. तीन आठवडे रोज तेच दृश्य: चढ लागला की जम्बो-विस्माचे पिवळे-काळे गडी रांगेने पुढे. वाउट फान आर्टसारखा धिप्पाड गडी डोंगरावर असा वेग लावायचा की एरवीचे डोंगरवीरही गळून पडायचे. मग टॉम डुमुलाँ, मग सेप कुस, आणि सगळ्यांच्या मागे सावलीत रोग्लिच. पोगाचारचे महत्त्वाचे साथीदार मात्र शर्यत अर्ध्यावर यायच्या आतच गळाले होते: फाबिओ आरू सोडून गेला, दाविदे फोर्मोलोचं कॉलरबोन मोडलं. एका बाजूला फौज, दुसऱ्या बाजूला एकटा पोरगा. असं चित्र समोर असलं की अंदाज आपोआप लिहिला जातो.

पण विसावा टप्पा वैयक्तिक टाइम ट्रायल होता. लूर ते ला प्लाँश दे बेल फी, ३६.२ किलोमीटर, आणि शेवटचे सहाएक किलोमीटर उभा चढ. प्रत्येक जण एकटा, सुटण्याच्या वेळा वेगवेगळ्या. तिथे पुढे वारा कापायला कुणी नसतं. म्हणजे मी ज्या फौजेवर पैज लावली होती ती त्या दिवशी रस्त्याकडेला उभी होती. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या दिवसाची चौकटही मीच लिहिली होती, १९८९ ची: ग्रेग लमाँडने शेवटच्या दिवशी, टाइम ट्रायलमध्येच, लॉरां फिन्याँची ५० सेकंदांची आघाडी पुसून ८ सेकंदांनी टूर जिंकली होती. चौकटीचा सूर मात्र ‘असं पुन्हा होणे नाही’ असा होता.

पोगाचार सुटला, दोन मिनिटांनी रोग्लिच. पहिल्या वेळनोंदीला पोगाचार थोडा पुढे. मी चहा घेतला. पुढच्या नोंदीला, म्हणजे चढ सुरू व्हायच्या आधीच, ५७ पैकी निम्म्याहून अधिक सेकंद गेले होते. मी चहा तसाच ठेवला.

रोग्लिचचं हेल्मेट कपाळावर तिरकं बसलं होतं. चढाच्या पायथ्याशी दोघांनीही सायकली बदलल्या; पोगाचारने वहीतलं पान उलटावं तशी, रोग्लिचने अडखळत. मग ते दोघं आळीपाळीने पडद्यावर दिसू लागले. एकाचे खांदे स्थिर, दुसऱ्याचे डोलणारे. कोपऱ्यातला आघाडीचा आकडा कमी होत शून्यावर आला आणि उलटा वाढू लागला. कॅमेरा मध्येच डुमुलाँवर गेला. सर्वोत्तम वेळ नोंदवून तो बसला होता, शेजारी फान आर्ट. डुमुलाँ म्हणजे २०१७ चा टाइम ट्रायलचा जगज्जेता. या माणसाला टाइम ट्रायलमधलं काही नवल वाटेल असं मला वाटत नव्हतं, आणि तो तोंड उघडं टाकून पडद्याकडे बघत होता.

‘‘अगं, सायकलवाला जिंकला का तुझा?’’ सरांनी टीव्हीवरची नजर न काढता विचारलं. आकडे टाकून कॉपी सोड, एवढाच त्याचा अर्थ.

‘‘सर, दुसराच जिंकतोय.’’

तेव्हा मात्र दोन-तीन खुर्च्या वळल्या.

पोगाचारची वेळ ५५ मिनिटं ५५ सेकंद. डुमुलाँ त्याच्या १ मिनिट २१ सेकंद मागे, रोग्लिच १ मिनिट ५६ सेकंद मागे. सकाळी ५७ सेकंदांनी मागे असलेला पोरगा संध्याकाळी ५९ सेकंदांनी पुढे. रोग्लिच रेषेपलीकडे जमिनीवर बसला. जरा वेळाने उठला आणि जाऊन पोगाचारला मिठी मारली. हे मी नंतर चित्रफितीत पाहिलं. त्या क्षणी मी कॉपी पुसत होते.

पुसताना कळलं की ती कॉपी दुरुस्त होण्यासारखी नाहीच. नावं बदलून चालेना, कारण तिचं प्रत्येक वाक्य संघाबद्दल होतं. पान सोडायला चाळीस मिनिटं. पोगाचारला दोन दिवसांनी बावीस पूर्ण होणार होती. १९०४ च्या आँरी कोर्नेनंतरचा हा सर्वांत तरुण विजेता. शिवाय गिरिराजाची, म्हणजे चढावरच्या सर्वोत्तम सायकलपटूची, ठिपक्यांची जर्सी त्याची, तरुणांची पांढरीही त्याचीच. लमाँडच्या चौकटीचं फक्त शेवटचं वाक्य बदललं, ती आयतीच कामी आली. आयपीएलने पान व्यापलेलं, त्यामुळे मला मिळाली तळातली दोन कॉलमं. खरं सांगायचं तर त्या रात्री ते बरंच झालं.

घरी जाऊन वही काढली. आधी सातवा टप्पा बघितला, लाव्हूरचा. आडव्या वाऱ्याने पेलोटॉन, म्हणजे सायकलपटूंचा मुख्य जथा, फुटला होता, पोगाचार मागच्या तुकडीत अडकला आणि १ मिनिट २१ सेकंद गमावून बसला. तेव्हा मी त्याच्या नावापुढे फुली मारली होती. आता साधी वजाबाकी केली: ८१ वजा ५७. म्हणजे वाऱ्याचा तो एक दिवस सोडला, तर बाकीच्या सगळ्या शर्यतीत मिळून पोगाचारच रोग्लिचपेक्षा २४ सेकंद पुढे होता, आणि तेही टाइम ट्रायलच्या आधी! फौज वगैरे सगळी असताना. आकडे रोज मीच छापत होते, वजाबाकी मात्र एकदाही केली नव्हती.

आणखी मागची पानं उलटली. जूनमधली स्लोव्हेनियाची राष्ट्रीय स्पर्धा. रोड रेसमध्ये रोग्लिचने पोगाचारला १० सेकंदांनी हरवलं होतं. ते मी तक्त्यासोबतच्या लेखात वापरलंही होतं. त्याखाली आठवड्यानंतरची नोंद: पोक्ल्युकाच्या चढावरची टाइम ट्रायल, पोगाचार पहिला, रोग्लिच ९ सेकंदांनी दुसरा. चढावर संपणारी टाइम ट्रायल, हेच दोघे. समासात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘घरगुती शर्यत, सोडून द्यावे.’

रोग्लिचचं पुढे वाईट झालं नाही. पंधरवड्यातच त्याने बेल्जियममधली लिएज-बास्तोन-लिएज ही एकदिवसीय शर्यत जिंकली, मग त्याच वर्षी व्हुएल्टा, म्हणजे स्पेनची टूरही.

आणि मग २०२३ चा जिरो, म्हणजे इटलीची टूर. शेवटून दुसरा दिवस, मोंते लुसारीचा उभा चढ, पुन्हा टाइम ट्रायल. या वेळी रोग्लिच पाठलाग करणारा, गेरेंट थॉमसच्या २६ सेकंद मागे. वाटेत चेन उतरली, आणि त्याला ढकलून मार्गी लावायला नेमका त्याचा स्की-जंपिंगमधला जुना सहकारी तिथे उभा होता. तरी १४ सेकंदांनी जिरो रोग्लिचचाच. दोन्ही निकालांच्या कॉप्या मी आदल्या रात्रीच लिहून ठेवल्या होत्या. दुपारी सर येऊन दोन्ही वाचून गेले, वर विचारलं, ‘‘हे ठीक आहे. पण तुझा स्वतःचा अंदाज काय?’’

मी थॉमस सांगितलं.