रविवारची तयारी बुधवारी लागते

वीस-पंचवीस घरांची वस्ती, टिनाच्या छपराचं चॅपल, आणि फादर राहतात ते मुख्य चर्च तिथून पंचवीस किलोमीटरवर. विदर्भातल्या कितीतरी खेड्यांत कॅथलिक समाजाचं हेच चित्र आहे. अशा गावात दर रविवारी मिस्सा, म्हणजे फक्त धर्मगुरूच अर्पण करू शकतात ती मुख्य उपासना, का होत नाही, असं शहरातले पाहुणे विचारतात. त्याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. चर्चच्या कायद्याप्रमाणे एका धर्मगुरूने दिवसाला एकच मिस्सा अर्पण करायची असते. धर्मगुरू कमी असतील तिथे बिशप, म्हणजे धर्मप्रांताचे प्रमुख, एरवीच्या दिवशी दोन आणि रविवारी जास्तीत जास्त तीन मिस्सांची परवानगी देऊ शकतात. शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची धरली जाते, म्हणजे आठवड्याला झाल्या चार. त्यातली एक मुख्य चर्चला लागतेच. धर्मग्रामाला, म्हणजे एका मुख्य चर्चच्या परिसराला, सहा गावं जोडलेली असली, तर प्रत्येक गावाच्या वाट्याला एकाआड एक रविवार येतो. फादर आजारी पडले किंवा वार्षिक ध्यानसाधनेला गेले, की तोही जातो.

मधला रविवार गावालाच सांभाळावा लागतो. तो नीट पार पडला तर लोक एकत्र राहतात. दोन-तीन वेळा विस्कटला तर घरं एकेक करून यायची थांबतात, आणि मग फादर आले तरी चॅपल अर्धंच भरतं.

इथे जे सांगतो आहे ते लॅटिन रीतीच्या, रोमच्या उपासनापद्धतीने चालणाऱ्या धर्मग्रामांसाठी, म्हणजे नागपूर आणि अमरावती धर्मप्रांतांकडचं. नागपूर धर्मप्रांत 1887 सालचा, आणि अमरावती त्यातूनच 1955 मध्ये वेगळा झाला. चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा हा भाग 1962 पासून सिरो-मलबार या केरळमधल्या, पूर्वेकडच्या रीतीच्या कॅथलिक चर्चकडे आहे. तिथे उपासनेचा क्रम आणि वाचनं वेगळी असतात. त्यांचा पास्काआधीचा, म्हणजे ईस्टरआधीचा मोठा उपवासही आपल्यासारखा राखेच्या बुधवारी नाही, सोमवारी सुरू होतो. एकाच तालुक्यात लग्नसंबंध होतात, सुना इकडच्या तिकडे जातात, म्हणून हा फरक माहीत असलेला बरा.

बुधवारपासून सुरुवात करू. बुधवारी रात्री जेवणं झाली की रविवारची बायबलमधली वाचनं वाटून टाकावीत. रविवारी पहिलं वाचन, प्रतिसाद स्तोत्र, दुसरं वाचन आणि शुभवर्तमान असा क्रम असतो. वाचनांचं चक्र तीन वर्षांचं आहे: अ वर्षी मत्तय, ब वर्षी मार्क, क वर्षी लूक यांचं शुभवर्तमान. कोणतं वर्ष चालू आहे हे ओळखायची सोपी खूण म्हणजे सालाला तीनने पूर्ण भाग गेला तर ते क वर्ष. 2025 ला भाग जातो, म्हणून ते क, आणि 2026 हे अ. घोटाळा होतो तो डिसेंबरात, कारण चर्चचं वर्ष जानेवारीत नाही, नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी बदलतं. हा रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान येतो. कॅलेंडरकडे बघून जुनंच पुस्तक उघडलं, तर चार रविवार चुकीचं शुभवर्तमान वाचलं जातं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या शनिवारी पुस्तकातली रिबीन स्वतः हलवून ठेवावी.

वाचणाऱ्याला पान हातात देऊन भागत नाही. त्याने ते घरी तीनदा मोठ्याने वाचलेलं हवं. जुन्या करारातली नावं पेन्सिलीने तोडून लिहावीत: न-बु-खद्-ने-स्सर. पौलाच्या पत्रांतली वाक्यं लांब असतात, तिथे श्वास कुठे घ्यायचा त्याची उभी रेघ मारावी. वाचणाऱ्या बाईला चष्मा नसेल तर वाचन मोठ्या अक्षरात वहीवर उतरवून द्यावं. हे काम आठवी-नववीच्या मुली फार सुंदर करतात, आणि उतरवता उतरवता त्यांना ते वाचन पाठही होतं. मेळघाटात घरची बोली कोरकू आहे. तिथे वाचनाआधी दोन वाक्यांत मतलब कोरकूत सांगितला, तर म्हाताऱ्या माणसांचे चेहरे बदलतात.

फादर नसलेल्या रविवारच्या उपासनेसाठी रोमहून 1988 मध्ये मार्गदर्शिका आलेली आहे, आणि धर्मप्रांताने ठरवून दिलेला क्रम असतो. प्रवेशगीत, प्रार्थना, वाचनं, फादरांनी लिहून पाठवलेलं प्रवचन, श्रद्धेचा अंगीकार, सर्वांसाठीच्या विनंत्या, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. बिशपांनी नेमलेला सेवक असेल आणि आधीच्या मिस्सात पवित्र केलेली भाकर, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, जवळ असेल, तर त्याचं वाटप, नाहीतर सरळ समारोपाची प्रार्थना. चाळीस मिनिटं पुरतात. चुका होतात त्या ठरलेल्याच. पुढे उभा राहणारा माणूस फादरांच्या खुर्चीत बसतो. त्याने लोकांबरोबर बाकावर किंवा सतरंजीवर बसायचं. तो ‘प्रभू तुम्हांबरोबर असो’ म्हणतो. तेही धर्मगुरूचं आहे. शेवटी हात उचलून लोकांवर क्रूसाची खूण करतो. तसं न करता ‘प्रभू आपल्याला आशीर्वाद देवो’ म्हणत सगळ्यांनी आपापल्या अंगावर खूण करायची. मिस्सामधली ख्रिस्तप्रसादाची मोठी प्रार्थना तर अजिबात म्हणायची नाही. काहींना हे नियम जाचक वाटतात. पण या उपासनेला मिस्सा म्हणायची सवय लागली, तर खऱ्या मिस्साची भूक मरते.

सर्वांत मोठी चूक प्रवचनाच्या जागी होते. लिहून आलेला कागद बाजूला ठेवून पुढे उभा राहणारा स्वतःच बोलायला लागतो, आणि दहाव्या मिनिटाला जे आले नाहीत त्यांच्या नावाने खडे फोडतो. ते शब्द दुपारपर्यंत त्या घरी पोचतात. कागदच वाचावा.

वेळ शेतीवर ठरते. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया नऊच्या आत वावरात पोचलेल्या असतात, कारण रविवारची मजुरीही सोडवत नाही. गावाचा किंवा शेजारगावचा आठवडी बाजार रविवारीच असेल तर आणखी घाई. सकाळी सात ही वेळ बाराही महिने चालते. एकदा ठरवली की बदलू नये. फादर येणार असतील आणि गाडी पंक्चर झाली, तरी सातला जपमाळ सुरू करावी. ते पोचेपर्यंत लोक प्रार्थनेत असतात, ओट्यावर बसून गप्पांत नाही.

गाण्याची तालीम शुक्रवारी. चारच गाणी धरावीत: प्रवेश, अर्पण, ख्रिस्तप्रसाद आणि समारोप. सूर ठरवताना पहिल्या ओळीवरून ठरवू नये, गाण्यातली सगळ्यात चढी ओळ आधी म्हणून बघावी. पेटीवाला आपल्या गळ्याला सोयीचा सूर धरतो आणि कडव्यात निम्मं चॅपल गप्प होतं, ते याचमुळे. पावसाळ्यात पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात आणि ढोलकीचं कातडं सैल पडतं. दोन्ही भिंतीपासून दूर, फळीवर, कापडात गुंडाळून ठेवावीत. मोठ्या उपवासाच्या काळात आलेलुयाचा जयघोष नाही, रविवारी गौरवगान नाही, आणि वाद्यं फक्त गाण्याला आधार म्हणून. चाळीस दिवस आवरलेला आवाज पास्काच्या रात्री सुटतो तेव्हा काय होतं ते ऐकणाऱ्यालाच कळतं.

घरोघरची जपमाळ हा खेड्यातल्या धर्मग्रामाचा खरा कणा आहे असं माझं ठाम मत आहे. दहा-दहा मण्यांच्या पाच दशकांना वीस मिनिटं लागतात, आणि प्रत्येक दशकाला येशू-मरियेच्या जीवनातला एक प्रसंग, म्हणजे रहस्य, आठवायचं असतं. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. ही प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये दिली, म्हणून जुन्या पुस्तिकांत ती सापडत नाहीत. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. मरियामातेची मूर्ती एका घरून दुसऱ्या घरी जाते, आणि नेमकी तेव्हाच सोयाबीनची सोंगणी चालू असते. रात्री आठच्या आधी माणसं मोकळी होत नाहीत. कुणाचं घर कोणत्या दिवशी ते पंधरा दिवस आधी वहीत लिहून चॅपलच्या दाराला लावावं.

इथे दोन गोष्टी बिघडतात. पहिली चहा-फराळाची. एका घरी चहा झाला की पुढच्या घरी पोहे होतात, त्याच्या पुढच्या घरी जिलेबी येते, आणि मग हातावर पोट असलेलं घर ‘यंदा आमच्याकडे नको’ म्हणतं. नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगावा: पाणी आणि गूळ-फुटाणे, दुसरं काही नाही. हा नियम सधन घराने आधी पाळला तरच टिकतो.

दुसरी गोष्ट आगीची. ऑक्टोबरच्या शेवटी पहिल्या वेचणीचा कापूस घरात यायला लागतो आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत माजघरात छतापर्यंत ढीग लागलेला असतो. त्याच खोलीत मूर्ती, मूर्तीपुढे मेणबत्त्या, बाजूला दाटीने बसलेली लेकरं. एखाद्या मुलाच्या कोपराने मेणबत्ती लवंडली तर वर्षाची कमाई आणि घर दोन्ही जातं. कापूस असलेल्या खोलीत मूर्ती मांडूच नये; ओसरीत किंवा अंगणात मांडावी. जागाच नसेल तर परातीत दोन बोटं पाणी घालून मधोमध एकच जाड, बुटकी मेणबत्ती ठेवावी. तीसुद्धा प्रार्थना संपल्याबरोबर विझवावी, कारण लोक निरोप घेत असतात तेव्हाच तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

मूठभर धान्याबद्दल थोडक्यात. रोज स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ बाजूला काढायची आणि रविवारी आणायची. पूर्वेकडे तांदूळ, वऱ्हाडात ज्वारी किंवा तुरीची डाळ. एक मूठ चाळीस ग्रॅम धरली तर वीस घरांचं आठवड्याला साडेपाच किलोच्या वर जातं. एका एकट्या म्हातारीचं त्यात भागतं. नवं-जुनं धान्य एकाच डब्यात मिसळू नये, सोंडे होतात. आणि दिलेलं धान्य कुणाला गेलं हे चॅपलमध्ये पुकारू नये.

आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद बहुतेक ठिकाणी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी नेतात. घरच्यांनी स्टुलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी ठेवावं. पाणी विसरतात, आणि कोरड्या घशाला तुकडा गिळता येत नाही. एक तास आधी काही न खाण्याचा नियम आजाऱ्याला आणि त्याची सेवा करणाऱ्याला लागू नाही, तेव्हा औषध-जेवण रोखून धरू नये. रुग्णाभिषेकासाठी, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावायच्या संस्कारासाठी, मात्र लोक फार उशिरा निरोप धाडतात. तो मरणाऱ्याचाच संस्कार आहे हा समज खोल गेलेला आहे. गंभीर आजार कळला, मोठं ऑपरेशन ठरलं, वयाने शरीर थकलं, तेव्हाच बोलवावं. माणूस शुद्धीवर असताना प्रार्थनेला ‘आमेन’ म्हणतो, त्याचं मोल घरच्यांना पुढे कळतं.

आता इथल्या उन्हाबद्दल, कारण बाहेरून आलेल्या पुस्तकांत ते नसतं. पास्काची मोठी मेणबत्ती पन्नास दिवस, पवित्र आत्म्याच्या सणापर्यंत वेदीजवळ असते, आणि तेच दिवस पंचेचाळीस अंशांचे. टिनाखाली उभी ठेवलेली मेणबत्ती दुसऱ्याच आठवड्यात कमरेतून वाकते. उपासना झाली की ती काढून माठाजवळच्या गार खोलीत सपाट फळीवर आडवी ठेवावी. लहान मेणबत्त्यांचा खोकाही जमिनीलगत, आडवा. मिस्साच्या द्राक्षरसाची मोठी बाटली उन्हाळ्यात उघडू नये, ती आंबून शिरका होते आणि असा द्राक्षरस मिस्साला चालत नाही. पावसाळ्यात ख्रिस्तप्रसादासाठीच्या गव्हाच्या चकत्या ओल धरतात, म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आणि दोन-तीन आठवड्यांपुरत्याच आणाव्यात.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे पास्काच्या आधल्या रविवारी, आपल्याकडे नारळ नाही, नाल्याकाठची शिंदी असते. शनिवारी संध्याकाळी तोडून ओल्या पोत्यात गुंडाळावी, नाहीतर सकाळपर्यंत पानं चुरगळतात. देठाजवळची वीतभर काटेरी बाजू कोयत्याने उडवल्याशिवाय लेकरांच्या हातात देऊ नये. याच झावळ्या पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी, कपाळाला राख लावून मोठा उपवास सुरू होतो त्या दिवशी, लागतात. घराघरांतून आठ दिवस आधी गोळा करून उन्हात कडक वाळवाव्यात. ओलसर पानाची राख होत नाही, कोळसा होतो. लोखंडी घमेल्यात जाळावं, पूर्ण निवल्यावर मलमलीतून दोनदा गाळावं. राखेत पाणी कालवून लगदा करू नका. राखेचं पाणी खारं, दाहक असतं आणि कपाळावर चट्टे उठतात. कोरडीच लावावी, फार तर तेलाचा एक थेंब. त्या दिवशी आणि शुभ शुक्रवारी अठरा ते एकोणसाठ वयाच्यांना उपवास, आणि चौदाच्या पुढे सर्वांना मांस वर्ज्य. उन्हातान्हात मजुरीला जाणाऱ्या माणसाने एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडं खाल्लं तर उपवास मोडत नाही, हे आधीच्या रविवारी सांगून टाकावं.

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीकडे गावातूनच लक्ष द्यायला हवं. धर्ममाता किंवा धर्मपिता सोळा वर्षं पूर्ण झालेला आणि दृढीकरण, म्हणजे श्रद्धा पक्की करणारा संस्कार, झालेला हवा. बाळाचं नाव जन्मदाखल्यावर आहे तसंच, अक्षर न अक्षर, कागदावर लिहून फादरांच्या हातात द्यावं; तोंडी सांगितलेलं नाव वहीत वेगळं उतरतं आणि वीस वर्षांनी लग्नाच्या वेळी आधार कार्डाशी जुळत नाही. लग्नासाठी दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो, म्हणून जुना घरात पडून आहे यावर विसंबू नये.

शनिवारी संध्याकाळी उरतात ती कामं अर्ध्या तासाची: झाडणं, सतरंज्या झटकणं, वेदीवरचं कापड बदलणं, पुस्तकाची रिबीन तपासणं, लाइट गेली तर म्हणून बॅटरी चार्जिंगला लावणं. पाळी दोन-दोन घरांची ठेवावी, म्हणजे एक घर गावाला गेलं तरी दुसरं असतं. चॅपलची एक किल्ली त्या घराकडे आणि दुसरी कायम शेजारच्या घरी.