दिवाळीचा किल्ला पॉप-अप कार्डात: मापं, थर आणि डाय-कट तुकडे

अंगणात मातीचा किल्ला करतात तसा कागदाचा किल्ला कार्डात उभा करायचा, तर लागतात तीन थर, सहा पट्ट्या आणि एक बेरीज. ही बेरीज चुकली की डायने, म्हणजे मशीनमध्ये दाबून ठराविक आकार कापणाऱ्या धारदार साच्याने, कितीही सुबक तुकडे कापले तरी कार्ड बंद केल्यावर बुरुजाचं टोक बाहेर डोकावतं. म्हणून मशीनला हात लावण्याआधी मी कागदावर आकडे मांडतो.

हे कार्ड ९० अंशांत उघडतं. एक बाजू जमिनीसारखी आडवी राहते, दुसरी मागच्या पडद्यासारखी उभी. आतला कागद १८० बाय २६० मि.मी. चा, मधोमध घडी, म्हणजे प्रत्येक बाजू १३० मि.मी. ची. किल्ल्याचे थर पडद्याला समांतर उभे राहतात. कार्ड मिटताना प्रत्येक थर जमिनीवर पुढच्या दिशेने आडवा होतो. त्यामुळे घडीपासून थराच्या पायथ्यापर्यंतचं अंतर आणि थराची उंची मिळून १३० च्या आत राहायला हवी. काठाला ५ मि.मी. सोडायचे, म्हणून मी बेरीज १२५ धरतो. पहिला थर घडीपासून ३० मि.मी. वर, उंची ९५. दुसरा ६० वर, उंची ६५. तिसरा ८५ वर, उंची ४०. मागे उंच, पुढे ठेंगणं, म्हणजे मागचा थर पूर्ण झाकला जात नाही.

उंची मोजताना टोकाला जे काही चिकटणार तेही धरायचं. भिंत ९५ ची कापली आणि मग वर १८ मि.मी. चा भगवा लावला, ही चूक सगळ्यात जास्त होते. झेंडा हवा असेल तर टेहळणी बुरूज ७५ वर थांबवावा.

थरांची वाटणी अशी: मागे बालेकिल्ला, मध्ये तटबंदी आणि महादरवाजा, पुढे दोन बुरूज. दरवाजा आणि बुरूज मी मुद्दाम वेगळ्या थरांत ठेवले. रायगडाचा महादरवाजा दोन भक्कम बुरुजांच्या आडोशाला आहे. वाट वळसा घेऊन आत जाते आणि दरवाजा लांबून समोर दिसत नाही. हीच गोमुखी रचना. कार्डात ती साधायला फार काही लागत नाही. पुढच्या दोन बुरुजांमध्ये ४० मि.मी. ची फट ठेवून ती डावीकडे सरकवायची आणि मागच्या थरातली कमान उजवीकडे. समोरून पाहिलं तर कमान अर्धीच दिसते, कार्ड जरा फिरवलं की पूर्ण दिसते. सपाट चित्रात हे जमत नाही, त्यामुळे पॉप-अपसाठी किल्ल्याइतका योग्य विषय मला दुसरा सुचत नाही.

आता कागद. आतला कागद आणि बाहेरचं कव्हर ३०० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), थर २२० जीएसएम, वरची सजावट १२० ते १६० जीएसएम. दुकानात मिळणाऱ्या ए४ कार्डशीटचा ग्रेन, म्हणजे कागदाच्या तंतूंची दिशा, बहुतेक वेळा लांब बाजूने असतो. आपली घडी मात्र त्याला आडवी येते. ३०० जीएसएमच्या कागदाची आडव्या ग्रेनवर घडी घातली की ती फुटते आणि गडद रंगाच्या कागदात पांढरी रेघ दिसते. त्यामुळे मी मोठा शीट आणून त्यातून असा तुकडा काढतो की ग्रेन घडीला समांतर राहील. ग्रेन ओळखायला कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघायचा. ज्या दिशेने सहज वाकतो, त्या बाकाला समांतर ग्रेन असतो.

थरांच्या बाबतीत मात्र मी ग्रेन उभा ठेवतो. आडवा ठेवला तर दमट हवेत ९५ मि.मी. चा बुरूज पुढे मान टाकतो. उभ्या ग्रेनमुळे पायथ्याची घडी ग्रेनला आडवी पडते हे खरं, पण २२० जीएसएमला आधी नीट खाच दिली की ती फुटत नाही. खाच देण्यासाठी शाई संपलेलं बॉलपेन आणि स्टीलची पट्टी पुरते. दोनदा हलक्या हाताने ओढायचं, एकदा दाबून ओढलं तर कागद फाटतो. घडी घालताना खाच बाहेरच्या अंगाला आणि मागे उठलेला उंचवटा आत यायला हवा.

खऱ्या कागदाआधी जुन्या कॅलेंडरच्या पानांचा कोरा नमुना करतो. थर, पट्ट्या, सगळं त्याच मापात, सजावट शून्य. वीसेक वेळा उघड-मीट केली की काय अडतंय ते कळतं. सगळ्यात उपयोगी अर्धा तास हाच.

डायच्या सेटमध्ये मराठी किल्ला मिळत नाही, तो साध्या आकारांतून जुळवावा लागतो. मी वापरले ते आकार: एकात एक बसणारे आयत, कमानींचा सेट, पाकळ्यांची किनार काढणारी लांब डाय, गवताच्या पात्यांची किनार आणि आकाशकंदिलाचा उभा षट्कोन. पाकळ्यांची किनार तटावर उलटी लावली की चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे कंगोरे, तयार होतात. त्या पाकळीसारख्या गोल असल्या की किल्ला आपल्याकडचा वाटतो, चौकोनी कंगोरे कापले तर परदेशी कॅसल दिसायला लागतं. जंग्यांसाठी, म्हणजे तटातून मारा करायच्या भोकांसाठी, ३ मि.मी. चा हातपंच. मावळे २० मि.मी. उंचीचे, ते मात्र कात्रीनेच कापावे लागतात.

थरांच्या रुंदी १५०, १६० आणि १७० मि.मी. ठेवल्या. प्रत्येकाच्या तळाला १० मि.मी. ची चिकटपट्टी, म्हणजे दुमडून जमिनीला चिकटवायची कड, जादा धरायची. पुढच्या थरात दोन बुरूज वेगवेगळे न ठेवता पायथ्याशी ८ मि.मी. ची सलग पट्टी ठेवली आहे, नाहीतर दोघे आपापल्या कोनात उभे राहतात.

दगडी बांधकाम दिसावं म्हणून २२० जीएसएमचा कागद आधी एम्बॉसिंग फोल्डरमधून, म्हणजे उठावाची नक्षी उमटवणाऱ्या साच्यातून, काढायचा, मग कापायचा. आधी कापून मग एम्बॉस केला तर कागद ताणला जातो आणि १६० चा थर मापात राहत नाही. तळाची चिकटपट्टी मात्र फोल्डरच्या बाहेर ठेवायची, खडबडीत पृष्ठभागाला टेप धरत नाही.

हाताने फिरवायच्या मशीनमध्ये थप्पी अशी लावतो: खाली जाड पाया, त्यावर कटिंग प्लेट, मग कागद, त्यावर डाय धारेची बाजू खाली करून, आणि सगळ्यात वर दुसरी प्लेट. मशीनप्रमाणे जाडीचा हिशोब बदलतो, त्यामुळे सोबतच्या कागदावर दिलेला क्रम आधी बघावा. फिरवताना प्लेटचा कुरकुर आवाज येतो, तो येणारच. पण हँडल अडलं तर जोर लावायचा नाही. मागे फिरवून एक पातळ थर कमी करायचा.

लांब सरळ धारेची डाय रोलरला समांतर ठेवली तर सगळी धार एकदम दाबाखाली येते आणि हँडल अडतं. थोडी तिरकी ठेवली की दाब टप्प्याटप्प्याने येतो. बारीक नक्षीच्या डायमध्ये मधला भाग कापला जात नाही, कारण वापरून प्लेट वाकलेली असते. प्लेट उलटी करून बघायची, तरीही नाही जमलं तर डायच्या मागे साध्या ८० जीएसएम कागदाचा तुकडा ठेवायचा, फक्त न कापलेल्या जागेपुरता. कागद डायमध्ये अडकू नये म्हणून दोघांच्या मध्ये बटर पेपर. तरीही अडकलाच तर डायच्या पाठीला असलेल्या भोकांतून टाचणीने ढकलायचा. समोरून नखाने उचकटला तर चर्यांची टोकं दुमडतात. डाय सरकू नये म्हणून लावायचा टेप आधी हाताच्या पाठीवर दोनदा चिकटवून त्याचा चिकटपणा कमी करतो, नाहीतर काढताना कागदाचा पापुद्रा निघून येतो.

मशीन नसेल तर आयत, कमानी आणि चर्या धारदार कटरने निघतात, फक्त वेळ तिप्पट लागतो.

रंगछटा द्यायच्या त्या जोडणीआधी. बुरूज गोल दिसावेत यासाठी मी खरी गोलाई देत नाही, वळवलेला कागद कार्डात सपाट मिटत नाही. त्याऐवजी दोन्ही उभ्या कडांना स्पंजने तपकिरी शाई टिपतो आणि मध्य कोरा सोडतो. हातभर अंतरावरून बुरूज गोल वाटतो.

जोडणी हा खरा कसाचा भाग. प्रत्येक थर दोन ठिकाणी धरलेला असतो: तळाच्या चिकटपट्टीने जमिनीला आणि १० मि.मी. रुंद पट्ट्यांनी मागच्या थराला. पट्टीची लांबी दोन थरांमधल्या अंतराइतकीच हवी. पडदा ते पहिला थर ३०, पहिला ते दुसरा ३०, दुसरा ते तिसरा २५. त्यात दोन्ही टोकांना चिकटवण्यासाठी १०-१० मि.मी. धरले की कापायच्या लांबी ५०, ५० आणि ४५. जमिनीपासून पट्टीची उंची अनुक्रमे ४५, ३५ आणि २०, आणि ती दोन्ही टोकांना तंतोतंत सारखी. पट्टी २ मि.मी. आखूड पडली तर थर मागे रेलतो आणि मिटताना त्याला पोक येतं. लांब झाली तर थर पुढे झुकतो. दोन पट्ट्यांची उंची वेगवेगळी झाली तर थर पिळतो, आणि हा दोष नंतर काढता येत नाही.

थराची तळपट्टी मागच्या बाजूला दुमडायची, म्हणजे ती दिसत नाही. अंतर मोजायचं ते घडीच्या रेघेपासून, पट्टीच्या टोकापासून नव्हे. सुरुवात मागच्या थरापासून. तळपट्टी जमिनीवर चिकटवली की थर पुढे आडवा पाडायचा, त्याच्या पाठीला लावलेल्या पट्ट्या पायथ्याकडे दुमडायच्या, मोकळ्या टोकांवर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचा कागद काढायचा आणि कार्ड बंद करून दाबायचं. पट्टी पडद्यावर आपली जागा आपणच घेते. हाताने जागा शोधून चिकटवण्यापेक्षा ही रीत कितीतरी अचूक आहे. पुढच्या थरांच्या वेळी नवा थर आधी आडवा पाडायचा, मागचा थर कार्ड मिटताना त्यावर येऊ द्यायचा आणि हाच क्रम पुन्हा.

गोंदापेक्षा मी टेप वापरतो, ६ मि.मी. रुंदीचा. पाण्यातल्या पांढऱ्या गोंदाने कागद फुगतो आणि पातळ पट्ट्या लाटेसारख्या होतात. गोंद फक्त बारीक सजावटीला, तोही टाचणीच्या टोकाने.

आकाशकंदील सपाट लावला तर तो हरवतो. एकाच डायने तीन कंदील कापायचे, प्रत्येकाची उभी घडी घालायची आणि अर्धा भाग शेजारच्याच्या अर्ध्याला चिकटवायचा. पहिल्याचा आणि शेवटच्याचा मोकळा अर्धा पडद्यावर. कार्ड उघडल्यावर कंदील फुलतो, मिटल्यावर सपाट होतो. बालेकिल्ल्याची एक बाजू ६० मि.मी. पर्यंतच ठेवली आहे, कंदील त्या रिकाम्या आकाशात. झिरमिळ्या टिश्यू पेपरच्या, २ मि.मी. रुंद.

पुढच्या थराच्या पायथ्याशी १५ मि.मी. ची गवताची किनार येते. अंगणातल्या किल्ल्यावर हळीव किंवा मोहरी पेरून जो हिरवा उगवतो, तो रंग हवा: पोपटी आणि त्यामागे थोडा गडद. मावळे तटबंदीवर. महाराजांची आकृती ठेवायची तर बालेकिल्ल्याच्या थरावर, जिथे एकही घडी किंवा पट्टी तिच्या अंगावरून जात नाही अशा जागी.

फोम टेपचा मोह आवरायला हवा. १ मि.मी. फोम तीन थरांवर लावला की एकाच जागी ३ मि.मी. ची भर पडते आणि कार्ड जबडा वासल्यासारखं अर्धवट उघडं राहतं. मी तो फक्त पुढच्या बुरुजांवर, एकाच ठिकाणी वापरतो. फोम न मोजता मिटलेल्या कार्डाची जाडी साधारण ३ मि.मी. होते, म्हणून कव्हरला एक घडी पुरत नाही. १८४ बाय २६७ मि.मी. कागदावर ३ मि.मी. अंतराने दोन खाचा देऊन पुस्तकासारखी पाठ करायची. आतला कागद कव्हरला चिकटवताना घडीच्या दोन्ही बाजूंना ८ मि.मी. जागा कोरडी सोडायची. तिथे चिकटलं तर उघडताना घडी आणि पाठ एकमेकींना ओढतात आणि कव्हरला सुरकुती पडते.

तयार कार्ड बंद करून रात्रभर दोन जाड पुस्तकांखाली ठेवतो. सकाळी पहिल्यांदा उघडताना एखादा थर अडला तर ओढायचं नाही, टेपचा उघडा राहिलेला काठ शेजारच्या थराला धरून असतो. तिथे बोटाने थोडी टाल्कम पावडर लावली की सुटतो.

लिफाफा १९५ बाय १४५ मि.मी. चा. त्यात कार्डाच्या पुढे एक पातळ पुठ्ठा घालतो, म्हणजे टपालाचा शिक्का बसताना दाब बुरुजांवर येत नाही. लिफाफ्यासकट वजन ४५ ते ५० ग्रॅमपर्यंत जातं, साध्या पत्रापेक्षा बरंच जास्त, त्यामुळे पोस्टात वजन करूनच तिकीट लावावं.