तेल घोडीच्या पोटात जाऊ द्या, पाठीवर नको

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या घरचा फोन वाजायला लागतो. वरातीसाठी घोडी पाहिजे. आमची घोडी नुकरी, म्हणजे पांढरीशुभ्र अन् आतली कातडी गुलाबी, आणि बुकिंगवाले आधी भाव नाही विचारत, चमकते का ते विचारतात. ह्या चमकण्याच्या मागे लागून मी एकदा जे कांड केलं ते आधी सांगतो.

थंडीत तिचे केस दाट झाले होते, अंगावर कोंडा दिसत होता. कोणीतरी म्हणे मोहरीचं तेल चोळ, पहिलवानासारखी चमकते. आणली बाटली, मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत रगडली. चमकली ना! पण दुपारी आर्वी रोडनं चालवत नेली तर कापसाच्या गाड्यांचा सगळा फुफाटा तिच्या अंगावर चिकटला, त्यात तेल मोहरीचं, पांढरे केस पिवळे पडले, अन् मांडवाच्या दारात एक म्हातारबुवा सगळ्यांसमोर म्हणाले, "काऊन बे, नवरदेवाच्या आधी घोडीलेच हळद लावली का?" बरं तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक, पण तेलकट पाठीवर खोगीर काही बसेना, तंग कितीही आवळला तरी सरकते, नवरदेव एका अंगाला कलला, त्याच्या मामानं पाय धरला म्हणून वाचला. पैसे अर्धेच भेटले. भांडलो नाही, तोंडच नव्हतं.

घरी आल्यावर आबाजी एवढंच बोलले, "खरारा केला होता का?" नव्हता केला. त्यांनी तांगा होता तेव्हापासून घोडी सांभाळली आहेत. घोड्याच्या कातडीतून स्वतःचंच तेल निघते, खराऱ्यानं, म्हणजे घोड्याच्या दातेरी ब्रशनं, गोल गोल घासलं की मेलेले केस अन् कोंडा निघतो आणि तेच तेल केसांच्या टोकापर्यंत जाते. अर्धा तास, रोज, हात दुखेपर्यंत. थंडीत सारखं शाम्पूनं धुतलं तर ते तेल वाहून जाते अन् मग आपण दुकानातलं चोपडतो, काय अर्थ आहे.

अजून एक गोष्ट मला २०१८ च्या डिसेंबरात समजली, नागपूरचा पारा ३.५ वर गेला होता तेव्हा. पहाटे तबेल्यात गेलो तर घोडीचे केस चिडलेल्या मांजरीसारखे उभे. मला वाटलं आजारी आहे. केसांत बोटं घातली तर आत कातडी मस्त गरम, अन् वरून दवानं ओली. उभ्या केसांमध्ये हवा अडकते, तीच तिची गोधडी. तेल लावलं की केस चिकटून आडवे पडतात, गोधडी गेली. हे दाट केस येतातही मुख्य म्हणजे दिवस लहान व्हायला लागला की, थंडी त्याच्या नंतर.

मग चमक कशानं आणायची? जवस. आपल्या वर्धा-नागपूरकडे जवस काही नवलाचं नाही, आधी तर रब्बीत जिकडेतिकडे निळी फुलं दिसायची, आता चण्यानं जागा खाल्ली. घाण्यावर काढलेलं जवसाचं तेल चंदीत, म्हणजे घोडीच्या दाणा-चोकराच्या खुराकात, मिसळून देतो. त्यात निम्म्याच्या वर ओमेगा-३ असते, कातडीला भीतरून लागते. पण पहिल्याच दिवशी वाटीभर ओतू नका बाप्पा. घोड्याला पित्ताशय नसते, पित्त थोडं थोडं सतत येत राहते, एकदम जास्त तेल झालं की लीद पातळ. मी एका चमच्यानं सुरू केलं, दोन-तीन आठवड्यांत दिवसाला ५० मिलीवर आणलं, अर्धं सकाळी अर्धं संध्याकाळी. पहिले तीन दिवस तिनं तोबऱ्यात, म्हणजे चंदीच्या थैलीत, तोंड घालून फुर्र केलं अन् सगळा चोकर माझ्या शर्टावर. मग गुळाचा खडा कुस्करून टाकला. फरक दिसायला दीड महिना लागला, म्हणजे लग्नाच्या आदल्या हप्त्यात जागं होऊन काही होत नाही, दसऱ्याला सुरू करा. घोडी आधीच गुबगुबीत असेल तर चंदी कमी करा, तेलानं चरबी चढते.

अन् हार्डवेअरच्या दुकानात पेंटासाठी जे बॉइल्ड अळशीचं, म्हणजे जवसाचंच, तेल भेटते ते चुकूनही नाही, त्यात लवकर वाळावं म्हणून धातूची रसायनं टाकलेली असतात. खायचं तेलही घट्ट झाकणाच्या बाटलीत अंधारात ठेवा, खवट वास आला की फेका. तेल पुसलेल्या चिंध्यांचा गोळा तर कोपऱ्यात ठेवूच नका, जवसाचं तेल वाळता वाळता तापते, आपोआप पेट घेते. तबेल्यात कुटार, म्हणजे वाळला भुसा असते, समजून घ्या.

वरून तेल मी आता फक्त आयाळ अन् शेपटीला लावतो, खोबऱ्याचं, गुंता सुटायला. थंडीत ते गोठते म्हणून बाटली आधी उन्हात ठेवायची. टाचेजवळ कातडी फाटली तर तिथंही बोटभर, पण आधी कोरडं करून. गोचीड झाले तर करंजाचं लावू का विचारतात लोकं, मी आधी डॉक्टरला दाखवतो. नुकऱ्या घोड्याची कातडी नाजूक, तेल लावून उन्हात उभी केली तर लाल होते.

ती मोहरीच्या तेलाची बाटली अर्धी उरली होती, आईनं आंब्याच्या लोणच्यात घातली. आबाजी अजूनही फोड उचलली की माझ्याकडे बघून हसतात.